दिवाळीत सुरतेहून गावी येणाऱ्या खान्देशी बांधवांना खुले पत्र : सुट्टीतला एक पूर्ण दिवस तोरणमाळला द्या

प्रति,
सुरत, नवसारी, वापी, नाशिक, पुणे येथे नोकरीधंद्यानिमित्त राहणारे आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी येणारे खान्देशातील सर्व बंधू-भगिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शहादा तालुक्यात राहतो आणि शाळेत भूगोल शिकवतो. माझा धाकटा भाऊ तुमच्यासारखाच सुरतेला, उधन्यात, संसार थाटून आहे. दरवर्षी धनत्रयोदशीच्या आसपास सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, तरीही तुम्ही दाराशी बसून, कधी रात्रभर उभ्याने प्रवास करून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव या स्थानकांवर उतरता, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज हे दिवस आप्तांच्या घरी जातात. त्यानंतर हातात दोन-तीन दिवस उरतात आणि मुले कुठेतरी फिरायला नेण्याचा हट्ट धरतात. मग कोणी सापुताऱ्याला जाते, कोणी पार महाबळेश्वर गाठते आणि सुट्टीतले दोन दिवस गाडीतच घालवते. त्या ठिकाणांविषयी माझी काहीही तक्रार नाही. परंतु आपल्या उशाशी, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर तोरणमाळ असताना आपण ते एकतर पाहत नाही किंवा पाहिले तरी दोन तासांत उरकतो, याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

‘उरकतो’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, कारण मी स्वतः तोरणमाळ तीन वेळा तसेच उरकले होते. सकाळी दहाला शहाद्याहून निघायचे, बाराच्या उन्हात यशवंत तलावाच्या काठी गाडी लावायची, फोटो काढायचे, गोरखनाथांच्या मंदिरात हात जोडायचे, सीताखाईच्या कठड्यावरून खाली डोकावायचे, सोबत आणलेल्या पुऱ्या आणि भरीत खायचे आणि चार वाजता घाट उतरायला लागायचे. त्या तिन्ही वेळी घरी आल्यावर लोकांनी विचारले की कसे आहे, तर मला ‘छान आहे, हवा थंड आहे’ यापलीकडे काही सांगता आले नव्हते. ज्याने आयुष्यभर मुलांना सातपुडा शिकवला त्याला सातपुड्याविषयी एवढेच सांगता यावे, ही गोष्ट मला बोचत राहिली.

गेल्या दिवाळीत मात्र भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वेगळे ठरवले. आमचे वडील, मी, पत्नी, भाऊ, भावजय, नववीतला पुतण्या आणि पाचवीतली पुतणी असे सात जण पहाटे पाच वाजता निघालो. ठरले होते ते इतकेच की गाडी वर पोहोचल्यावर तलावाजवळ उभी करायची आणि संध्याकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही. म्हसावद मागे पडले, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पपईचे आणि केळीचे मळे अंधारातून हळूहळू दिसू लागले होते. काळापाणी सोडून घाट सुरू झाला तसा साग दाट होत गेला आणि वळणावळणाला कानांत दडे बसू लागले, तेव्हा पुतणीने त्याचे कारण विचारले आणि दिवसाच्या पहिल्या धड्याला तिथेच सुरुवात झाली. घाटातल्या ‘सात पायरी’ या जागेपाशी उतरून मागे पाहिले तर खालची दरी धुक्याने काठोकाठ भरलेली होती, आणि त्या पांढऱ्या धुक्यातून डोंगराच्या सोंडा एकामागे एक, प्रत्येक मागची अधिक फिकट, अशा वर आलेल्या होत्या. दहा वाजता येणाऱ्या माणसाला हे दिसत नाही. तोवर ऊन धुके खाऊन टाकते.

वर पोहोचलो तेव्हा सात वाजत आले होते आणि शालीशिवाय उभे राहवत नव्हते. तापीच्या खोऱ्यातल्या मैदानापेक्षा तोरणमाळचे पठार साधारण एक हजार मीटरने उंच आहे, आणि उंचीच्या दर हजार मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, हे मी वर्गात फळ्यावर कितीतरी वेळा लिहिले आहे. त्या दिवशी ते वडिलांच्या खांद्यावर शाल टाकताना हाताला कळले. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, त्या खान्देशाचाच हा भाग आहे, यावर मुलांचा विश्वास बसत नव्हता. यशवंत तलावाच्या पाण्यावरून वाफ निघत होती. काठाच्या वाटेने आम्ही चालत राहिलो, आणि एका ठिकाणी दगडावर बसून वडील बराच वेळ गप्प राहिले. मग ते आमच्या अहिराणीत इतकेच म्हणाले, “इतलं जोडे शे, आन आपन देखंच नही.” (इतके जवळ आहे, आणि आपण पाहिलेच नाही.) पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडचे हे वाक्य मला फार लागले. त्यांचे सारे आयुष्य तोरणमाळपासून साठ किलोमीटरच्या आत गेले आहे.

तलावाजवळच आम्हाला एक विशीतला पावरा समाजाचा मुलगा भेटला. दिवसभर सोबत राहून वाटा दाखवण्याचे पैसे आधीच ठरवून त्याला आम्ही बरोबर घेतले, आणि त्या दिवशीचा आमचा सर्वांत शहाणा निर्णय हाच होता असे मी आजही मानतो. गोरखनाथांच्या मंदिराकडे जाताना त्याने महाशिवरात्रीच्या यात्रेचे वर्णन केले. त्या दिवसांत खेतिया-बडवानीकडून, गुजरातच्या बाजूने आणि खालच्या मैदानातून माणसे डोंगर चढून येतात, आणि एरवी निवांत असलेल्या या पठारावर माणसांची रीघ लागते. मच्छिंद्रनाथ गुरू आणि गोरखनाथ शिष्य, त्यामुळे शिष्याचे मंदिर आणि गुरूची गुहा या एकाच डोंगरावर असणे नाथपंथाच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गुहेच्या थंडाव्यात आम्ही थोडा वेळ बसलो. तोरणमाळ हे नाव तोरणाच्या झुडपांवरून पडले असे काही जण सांगतात, तर काही जण तोरणादेवीवरून पडले असे सांगतात. वाटेतली तोरणाची झुडपे त्या मुलाने दाखवली आणि त्याची पांढरी फळे उन्हाळ्यात खायला या, असे पुतणीला निमंत्रणही दिले.

सीताखाईविषयी मात्र मला थोडे विस्ताराने लिहू द्या, कारण सर्वाधिक पर्यटक तिथे जातात आणि सर्वात कमी वेळ तिथेच थांबतात. पावसाळ्यात तिथे मोठा धबधबा असतो. दिवाळीनंतर पाण्याची धार बारीक झालेली असते, म्हणून ‘आता पाहण्यासारखे काही उरले नाही’ असे म्हणून लोक वळतात. प्रत्यक्षात पाणी ओसरल्यावरच खाईच्या भिंती नीट दिसतात. काळ्या खडकाचे आडवे थर, एकावर एक रचलेल्या भाकरींसारखे, खालपर्यंत गेलेले आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे लोट पुन्हा पुन्हा पसरले आणि थिजले, त्यांतला एकेक लोट म्हणजे हा एकेक थर, आणि त्यानंतर त्यांना चिरत जाणाऱ्या पाण्याने ही खाई कोरली. तिथे पुतण्याने हाक मारली आणि समोरच्या कड्याने ती परत केली. मी त्याला घड्याळ पाहून पुन्हा ओरडायला सांगितले. तीन वेळा मोजले, तेव्हा हाक आणि प्रतिध्वनी यांत जवळपास दोन सेकंद जात होते. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दोन सेकंदांत जाऊन-येऊन ६८० मीटर, आणि समोरचा कडा आपल्यापासून सुमारे ३४० मीटर. आठवी-नववीच्या विज्ञानाला जे गणित फक्त परीक्षेपुरते येते ते त्याने कड्यावर उभे राहून स्वतः सोडवले, आणि नंतर तो प्रत्येक दरीपाशी थांबून ओरडू लागला. कठड्याच्या आत राहण्याविषयी मात्र मी त्याला दरवेळी बजावले. तुम्हीही मुलांना बजावा, कारण पठारावरच्या पुष्कळ कड्यांना कठडा नाही आणि वाळलेल्या गवतावरून पाय सहज घसरतो.

याच ठिकाणी पुतणीने विचारले की हे पाणी खाली कुठे जाते. सातपुडा हा नर्मदा आणि तापी यांच्यामधला बांध आहे. त्याच्या उत्तर उतारावर पडलेले पाणी नर्मदेला मिळते आणि दक्षिण उतारावरचे तापीला. या दक्षिण उतारावरून येणारी आपली गोमाई शहाद्याजवळून वाहत प्रकाशाला तापीत मिसळते, तापी पुढे उकाई धरणात थांबते आणि तिथून सुरतेला पोहोचते. “म्हणजे आमच्या नळाला इथलं पाणी येतं?” असे तिने विचारले, आणि भाऊ, जो बावीस वर्षे त्या नळाचे पाणी पीत आहे, तो काही क्षण काहीच बोलला नाही. सुरतकर बांधवांनो, तुम्ही ज्या नदीच्या काठी राहता तिच्या पाण्यात आपल्या डोंगराचाही वाटा आहे, आणि मुलांना गाव दाखवायचे तर गावातल्या घराबरोबर हा डोंगरही दाखवायला हवा, असे मला त्या क्षणापासून वाटते.

दुपारचे जेवण त्या मुलाच्या ओळखीच्या एका घरी सांगून ठेवले होते. कुडाच्या भिंतींचे, शेणाने सारवलेले घर, अंगणात वाळत घातलेली मक्याची कणसे. घरातल्या आजींनी मातीच्या तव्यावर मक्याच्या भाकरी थापल्या. सोबत उडदाची डाळ आणि लाल मिरचीची चटणी होती. भावजयीने चुलीपाशी बसून ती भाकरी थापून पाहिली, पण पहिल्या दोन तिच्या हातातच तुटल्या, कारण मक्याच्या पिठाला ज्वारीच्या पिठासारखा चिकटपणा नसतो आणि ते गरम पाण्यात मळून सतत दाबत राहावे लागते, हे आजींनी तिला बोटे धरून शिकवले. निघताना आम्ही सागाच्या पानांत बांधलेली सीताफळे विकत घेतली. त्यांचे डोळे उघडून फटींमधला पांढरा गर दिसू लागला होता. तशी फळे शहरापर्यंत टिकत नाहीत, म्हणून तुम्हाला तिकडच्या बाजारात ती कधीच मिळणार नाहीत. उन्हाळ्यात आलात तर धडगावच्या बाजूला घरोघरी बायका कैऱ्या चिरून आमचूर वाळवताना दिसतील. या भागाचे ते मोठे उत्पन्न आहे आणि ते घरून थेट घेता येते.

जेवणानंतर वडील आणि माझी पत्नी तलावाकाठी थांबली आणि आम्ही बाकीचे कमळ तलाव पाहून खडकी पॉइंटकडे निघालो. कमळाच्या पानांवर दवाचे थेंब दुपारपर्यंत टिकलेले नव्हते, तेव्हा पुतणीने ओंजळीने पाणी टाकून ते पाऱ्यासारखे घरंगळताना पाहिले. पुढची वाट जंगलातून, चढ-उताराची आणि काही ठिकाणी अरुंद आहे. वाटाड्याशिवाय तिथे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आम्हाला थांबत-थांबत जाऊन येण्यास तीन तास लागले, आणि टोकावर उभे राहिल्यावर दोन्ही बाजूंना दऱ्या आणि समोर सातपुड्याच्या रांगांमागे रांगा दिसल्या तेव्हा त्या तीन तासांतला एकही मिनिट वाया गेल्यासारखा वाटला नाही.

परतीच्या वाटेवर त्या मुलाशी जे बोलणे झाले ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. तो बारावी झालेला आहे. दिवाळी झाली की त्याच्या पाड्यातील अर्धी घरे कुलूपबंद होतात, कारण मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन गुजरातमध्ये, बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. तो स्वतः दोन हंगाम गेला होता. भावाने त्याला विचारले की कोणत्या गाडीने जातोस, तेव्हा कळले की दिवाळीनंतरच्या ज्या आठवड्यात भाऊ सुरतेला परततो त्याच आठवड्यात हा मुलगाही त्याच दिशेने निघतो. दोघांचा रस्ता एकच, पण आजवर ते कधी एकमेकांशी बोलले नव्हते. तो म्हणाला की सुट्टीच्या दिवसांत जर रोज एखादे कुटुंब त्याला वाट दाखवायला घेऊन गेले, तर तो हंगाम सुरू झाल्यावर महिनाभर उशिरा निघू शकेल आणि तेवढे दिवस धाकट्या बहिणीची शाळा बुडणार नाही. तलावावर येऊन दोन तासांत निघून जाणाऱ्या शंभर गाड्यांमधून त्याच्या हाती काही पडत नाही. दिवसभर पायी फिरणाऱ्या एका कुटुंबामुळे त्याला, त्या आजींना आणि सीताफळे विकणाऱ्या मुलींना त्या दिवसाचे पैसे मिळतात. हे माझे अनुमान नाही, आमच्या खिशातून गेलेल्या पैशांचा हिशेब मी त्या रात्री वहीत लिहिला तेव्हा दर सात रुपयांपैकी सहा रुपये तोरणमाळच्याच माणसांच्या हातात राहिले होते.

एका गोष्टीचा मला संताप आला आणि तो मी लपवणार नाही. सीताखाईपाशी आमच्याआधी येऊन गेलेल्या एका मोठ्या गटाने थर्माकोलच्या ताटल्या आणि पाण्याच्या बाटल्या कठड्याखाली फेकून दिलेल्या होत्या. कठड्याच्या आतल्या ताटल्या त्या मुलाने पोत्यात भरल्या. खाईत गेलेल्या बाटल्या काढायला कोणीही उतरू शकत नाही, त्या तिथेच राहणार आणि पुढच्या पावसात खालच्या ओढ्यात जाणार. ज्या गटाने हे केले तो आपल्याच भागातला होता, कारण त्यांच्या पिशव्यांवर आपल्याच बाजारपेठेतील दुकानांची नावे होती. कृपा करून डबे स्टीलचे न्या आणि रिकामी पिशवी गाडीत ठेवा. आणखी एक विनंती अशी की पाणी भरणाऱ्या बायकांचे, पारंपरिक दागिने घातलेल्या आजींचे फोटो त्यांना न विचारता काढू नका. तुमच्या उधन्यातील घराच्या दारात येऊन कोणी तुमच्या आईचा असा फोटो काढला तर तुम्हाला जे वाटेल तेच त्यांनाही वाटते.

येताना इंधन शहाद्यातच भरा, सुट्टे पैसे रोख जवळ ठेवा, मोबाईलला सगळीकडे रेंज मिळेल अशी अपेक्षा धरू नका, आणि पायांत चपलेऐवजी बूट घाला. वयस्कर माणसांना तलावाकाठी बसण्याइतका आराम मिळतो, त्यामुळे त्यांना घरी ठेवून जाऊ नका. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तो वरूनच पाहा, पण अंधार दाट होण्याआधी घाट उतरायला लागा, कारण वळणे तीव्र आहेत.

यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता आम्ही पुन्हा निघणार आहोत. त्या मुलाला निरोप गेला आहे, आजींनी ‘मक्याचे पीठ जास्त दळून ठेवते’ असे कळवले आहे, आणि पुतणी सुरतेहून सेकंद मोजणारे घड्याळ आणणार आहे, कारण खडकी पॉइंटच्या दोन्ही दऱ्यांतला प्रतिध्वनी मोजायचा गेल्या वर्षी राहून गेला होता.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शहादा तालुक्यातील एक भूगोल शिक्षक